सुगडापासून सुरुवात करा : चित्रकलेबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की ज्यांना चित्रकला अगदी अ आ पासून शिकायचीय त्यांनी प्रश्न पाठवा, तर भरपूर पत्रं आली, आणि त्यातले बरेच प्रश्न सारखेच होते म्हणून ते एकत्र करून उत्तरं देतोय. मी ३० वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं, दरवर्षी मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांना बसवली, त्यातून जे हाताला लागलं ते सांगतो.

सर नमस्कार. माझं वय ४६. नववीत इंटरमिजिएट दिली होती, बी ग्रेड आली होती. नंतर दहावी, कॉलेज, लग्न, मुलं यात सगळं राहूनच गेलं. आता मुलगी हॉस्टेलला गेलीय, दुपार मोकळी असते. परत सुरू करायचंय पण दुकानात गेले तर इतके रंग इतके ब्रश बघून घाबरून काहीच न घेता परत आले. नेमकं काय घेऊ, पहिलं चित्र कसलं काढू, आणि क्लास लावायलाच हवा का?
– एक वाचक, चिपळूण

ताई, काही न घेता परत आलात ते बरंच झालं. रंग आत्ता घेऊच नका. एक २बी पेन्सिल, एक ६बी पेन्सिल, एक साधा खोडरबर आणि कार्ट्रिज पेपरची (चित्रकलेच्या जाडसर कागदाची) ए-४ साइजची एक वही, बास. पेन्सिलला शार्पनर नको, कटरने टोक करा म्हणजे शिसं लांब बाहेर येतं आणि ते आडवं धरून पण वापरता येतं.

आता पहिलं चित्र. तुमच्या घरात संक्रांतीचं एखादं सुगड नक्की असेल, माळ्यावर वगैरे. ते काढा. तांब्या किंवा स्टीलचा डबा घेऊ नका कारण त्यात अख्खी खोली दिसते, खिडकी दिसते, तुम्ही स्वतः दिसता, आणि नवीन माणूस त्या चमकेतच अडकून बसतो. सुगड मातीचं असतं, चमकत नाही, आकार गोल आणि सोपा, आणि तरी त्याच्या एकट्यात शिकण्यासारखं इतकं आहे की एक आठवडा पुरेल. हो, एक आठवडा एकच सुगड, मी हे अगदी मनापासून सांगतोय.

पहिल्या दिवशी कागदाकडे बघायचंच नाही. सुगड स्टुलावर ठेवा, पेन्सिल कागदावर टेकवा, नजर सुगडाच्या कडेवरून मुंगी चालते तशी हळूहळू फिरवा आणि हात तसाच फिरू द्या. चित्र वेडंवाकडं येणार, येऊ द्या, ते कुणाला दाखवायचं नाहीये. यातून सवय लागते ती बघायची. आपण एरवी एक सेकंद वस्तूकडे बघतो आणि दोन मिनिटं कागदाकडे, ते उलटं व्हायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी माप. हात कोपरातून न वाकवता सरळ पुढे, एक डोळा बंद, पेन्सिल उभी धरून सुगडाची उंची अंगठ्याने धरायची आणि तेच माप आडवं करून रुंदीशी ताडून बघायचं. इंटरमिजिएटच्या वस्तुचित्राला तुम्ही हे केलेलं असणार, आठवेल. बहुतेक सुगडं आपल्याला वाटतात त्यापेक्षा बसकी निघतात.

तिसरा दिवस सगळ्यात महत्त्वाचा आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे. सुगडाचं तोंड गोल आहे हे आपल्याला माहीत असतं, पण समोरून बघताना ते गोल दिसत नाही, लंबगोल दिसतं. एक काचेचा ग्लास अर्धा पाण्याने भरा आणि पाण्याची कड बरोब्बर डोळ्यासमोर येईल असा धरा, पाणी एक सरळ रेघ दिसेल. आता ग्लास हळूहळू खाली न्या, रेघेचा लंबगोल होतो आणि जसजसा खाली जातो तसतसा तो फुगत जातो. म्हणजे सुगड जर तुमच्या नजरेच्या खाली स्टुलावर असेल तर तळाची कड तोंडापेक्षा जास्त गोलाई घेणार. आणि पोरं काय करतात, तोंड छान लंबगोल काढतात आणि तळाला सरळ आडवी रेघ मारतात! मी वर्गात ४० मुलं बसवायचो त्यातली ३०-३५ हेच करायची, दरवर्षी. कारण भांडं सपाट जमिनीवर बसलंय हे डोक्याला माहीत असतं ना, मग डोकं हाताला सांगतं की सरळ रेघ मार. डोळ्याला विचारतच नाही कुणी. चित्रकलेतल्या नव्या माणसाच्या निम्म्या चुका हाताच्या नसतातच, त्या अशा माहीत असलेलं काढण्याच्या असतात. हे एकदा सुगडावर पटलं की पुढे टेबल काढा, घर काढा, माणूस काढा, सगळीकडे तेच कामाला येतं.

उरलेले दिवस तेच सुगड आडवं पाडून काढा, उपडं करून काढा, दोन सुगडं एकामागे एक ठेवून काढा. खोडू नका, चुकलेल्या रेघेच्या शेजारी बरोबर रेघ मारा म्हणजे दोन्ही दिसतात आणि कुठे चुकलं ते कळतं.

क्लासचं म्हणाल तर पहिले दोन महिने नको. त्यानंतर जवळ कुणी चांगलं शिकवत असेल तर जरूर जा कारण दुसऱ्याचा डोळा लागतोच. आणि हो, दारात ठिपक्यांची रांगोळी काढत असाल तर हाताची रेघ तुमच्याकडे आहेच. रांगोळी काढताना मनगट नाही, खांद्यापासून हात फिरतो, पेन्सिल पण तशीच फिरवा.

सर मी इंजिनीअरिंगला आहे. मोबाइलवर फोटो बघून हिरो लोकांचे, क्रिकेटर्सचे पोर्ट्रेट काढतो. आउटलाइन बऱ्यापैकी येते पण शेडिंग केलं की सगळं काळपट आणि घाण दिसतं. बोटाने घासून स्मूथ करतो तरी पण चेहरा सपाट दिसतो, खरा वाटत नाही. चार्कोल घेऊ का?
– एक विद्यार्थी, पुणे

चार्कोल आत्ता घेतलास तर आणखी काळं होईल. आधी ते बोटाने घासणं बंद कर बाबा. बोटाला तेलकटपणा असतो, तो कागदात मुरतो, मग तिथे डाग पडतात आणि खोडरबरने पण ते नीट उठत नाहीत. शेडिंग रेघांनीच करायचं, जवळ जवळ, एकाच दिशेने, गडद पाहिजे तिथे त्यावर दुसरा थर.

पण खरी अडचण वेगळी आहे. तू उजेड बघितलेलाच नाहीस. फोटोत तो आधीच चपटा झालेला असतो आणि त्यात हिरोचे फोटो म्हणजे चारी बाजूंनी लाइट मारलेले, त्यात सावली कुठे सुरू होते तेच कळत नाही. म्हणून महिनाभर हिरो बंद आणि एक अंडं.

रात्री ट्यूबलाइट बंद कर, एकच टेबल लॅम्प एका बाजूने लाव, पांढऱ्या कागदावर पांढरं अंडं ठेव (उकडून घे म्हणजे फुटायची भीती नाही). आता डोळे अर्धे मिटून बघ, बारीकसारीक सगळं जातं आणि फक्त उजेड-अंधाराचे मोठे भाग राहतात. काढायच्या आधी कागदाच्या कडेला पाच चौकोन आख, पहिला कोरा कागद, पाचवा ६बी ने जमेल तेवढा गडद, मधले तीन पायऱ्या पायऱ्यांनी. दुसरा आणि तिसरा सारखे होतात नेहमी, तसे झाले तर परत कर. हे पाच चौकोन म्हणजे तुझी पट्टी, मग अंड्यावरचा प्रत्येक भाग यातल्या कितव्या चौकोनाचा आहे ते ठरवायचं आणि तेवढंच काळं करायचं.

तर अंड्यावर काय दिसेल? दिव्याच्या बाजूला सगळ्यात उजळ जागा, तिथे कागद कोराच सोडायचा. मग हळूहळू मधला टोन. मग एक गडद पट्टा, आणि गंमत ही की तो पट्टा अगदी कडेला नसतो, कडेच्या थोडा आत असतो. कडेला परत किंचित उजळ होतं कारण खालच्या पांढऱ्या कागदावर आपटलेला उजेड उलटा अंड्यावर येतो. विश्वास बसत नसेल तर अंड्याखाली काळं कापड घाल, ती उजळ कड जवळजवळ गायब होईल, कापड काढ, परत येईल. हा प्रयोग मी वर्गात करायचो तेव्हा मागच्या बाकावरची पोरं पण उठून पुढे यायची. ती कड तुझ्या चित्रात नाहीये म्हणून तुझे चेहरे सपाट दिसतात. शेवटी टेबलावर पडलेली सावली, ती अंड्याच्या अगदी बुडाशी सगळ्यात गडद आणि लांब जाताना फिकी, कडा पण पुसट होत जातात.

आणि अंड्याला आउटलाइन मारायची नाही, अजिबात नाही. जिथे उजळ अंडं आणि मागची गडद भिंत भेटते तिथे आपोआप कड तयार होते.

अशी सात-आठ अंडी झाली की मग चेहऱ्याकडे ये. कपाळ अंडंच आहे, नाकाचा शेंडा छोटं अंडं आहे, हनुवटी पण. तिथे एक माप लक्षात ठेव, डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर येतात, डोक्याची टाळू ते हनुवटी निम्मं करून बघ आरशात. बहुतेक सगळे डोळे वर काढतात आणि कपाळ खाऊन टाकतात, बाकीच्या पाच-सहा जणांनी "चेहरा जुळत नाही" म्हणून लिहिलंय त्यांनाही हेच उत्तर.

माझी मुलगी ७ वर्षांची आहे. चित्र काढायला बसली की कार्टून बघून कॉपी करते आणि तसंच्या तसं आलं नाही की कागद फाडते, रडते. तिला कलरिंग बुक्स आणून दिली, ती पटापट रंगवते पण स्वतःचं काही काढत नाही. काय करू?
– एक आई, मडगाव

कलरिंग बुक्स उचलून ठेवा. मला ती आवडत नाहीत हे स्पष्टच सांगतो. दुसऱ्याने आखलेल्या रेघेच्या आत राहणं एवढंच त्यातून येतं, आणि मुलांना वाटायला लागतं की चित्र म्हणजे ती छापलेली रेघ, आपली वाकडी रेघ म्हणजे चूक.

तिला असं काम द्या ज्यात कॉपी करायला समोर काही नाहीच. भाजी चिरताना भेंडीचा देठाकडचा तुकडा ठेवा, आडवी कापली की आत पाच-सहा पाकळ्यांचं फूल दिसतं. ताटलीत ओला स्पंज, त्यावर पोस्टर कलर, भेंडी दाबा आणि कागदावर उमटवा. अर्धी ढोबळी मिरची, अर्धा कांदा (तो थोडा सुकू द्या नाहीतर रस सुटतो), मागच्या अंगणातलं एखादं जाड शिरांचं पान. पहिल्या दिवशी ती कुठेही ठसे मारेल, मारू द्या. दुसऱ्या दिवशी म्हणा की एका ओळीत मार, खालच्या ओळीतलं फूल वरच्या दोघांच्या मधल्या जागेत आलं तर कसं दिसतं बघूया. साडीवरची बुट्टी अशीच बसवलेली असते, तुमचीच एखादी साडी काढून दाखवा. यात तिला पुनरावृत्ती, अंतर, रिकामी जागा हे सगळं कळतं, एक शब्द न शिकवता.

आणि ती जे काढेल त्यावर "हे काय आहे?" विचारू नका. "मला सांग ना याच्याबद्दल" म्हणा. हात डोक्यातून निघालेत, घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसतायत, असं काहीही असेल, दुरुस्त करायचं नाही. त्या वयात मुलं माहीत असलेलं काढतात आणि ते त्यांचं बरोबरच आहे. सुगडाचा धडा मोठ्यांसाठी, तिला अजून चार-पाच वर्षं आहेत.

मी निवृत्त आहे, वय ६३. हौसेने वॉटरकलरचा १२ ट्यूबचा बॉक्स आणला. दोन अडचणी. एक म्हणजे लाल आणि निळा मिसळून जांभळा होतो असं शाळेत शिकलो पण माझा तर तपकिरी चिखल होतो. आणि दुसरं, चित्र सुरुवातीला ताजं दिसतं आणि पूर्ण होईपर्यंत मळकट होऊन जातं. रंग खराब आहेत का?
– एक वाचक, सातारा

काका, रंग चांगले आहेत. शाळेत अर्धंच सांगतात हो.

लाल दोन जातींचे असतात. व्हर्मिलियन किंवा स्कार्लेट हा लाल केशरीकडे झुकलेला, म्हणजे त्याच्या पोटात पिवळा आहे. क्रिमझन हा गुलाबीकडे झुकलेला. निळ्याचंही तसंच, प्रशियन ब्लू हिरवटपणाकडे झुकतो आणि अल्ट्रामरीन जांभळटपणाकडे. तुम्ही बहुतेक व्हर्मिलियन आणि प्रशियन मिसळले असणार, म्हणजे लाल, निळा आणि वर पिवळा असे तिन्ही एकत्र आले, आणि तिन्ही एकत्र आले की चिखलच होतो. क्रिमझन आणि अल्ट्रामरीन घ्या, पिकलेल्या जांभळाचा रंग येतो की नाही बघा.

याचंच पहिलं प्रोजेक्ट करा. कागदावर चार घरं आखा, वर दोन लाल, बाजूला दोन निळे, प्रत्येकाचं प्रत्येकाशी मिश्रण. तुमच्या बॉक्समधले दोन पिवळे आणि दोन निळे घेऊन हिरव्याचा असाच तक्ता करा. लेमन येलो आणि प्रशियनचा हिरवा म्हणजे कोवळं भाताचं रोप, आणि गॅम्बोजमध्ये (म्हणजे केशरीकडे झुकलेल्या पिवळ्यात) अल्ट्रामरीन घातला की जुन्या आंब्याच्या पानासारखा दबका. खाली नावं लिहून तो तक्ता भिंतीला लावा. तो चिखल पण टाकू नका, सह्याद्रीच्या उन्हाळ्यातल्या डोंगराला तोच रंग लागतो.

आता मळकटपणा. त्याची कारणं तीन असतात बहुतेक. पाण्याचा एकच मग वापरता, दोन ठेवा, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ पाणी घ्यायला. खालचा थर ओला असतानाच वर ब्रश फिरवता, तर मधे उठून चहा पिऊन या, हाताच्या मागच्या बाजूने कागदाला स्पर्श केला आणि गार लागला तर अजून ओला आहे. आणि तिसरं म्हणजे बॉक्समधला पांढरा. त्या ट्यूबचं झाकण पहिले सहा महिने उघडूच नका. जलरंग पारदर्शक असतो, उजेड खालच्या कागदातून येतो, म्हणजे कागद हाच तुमचा पांढरा. त्यात पांढरा रंग कालवला की ती पारदर्शकता गेली आणि खडूसारखं झालं. कागदही जाड घ्या, ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ३०० ग्रॅम), पातळ कागद पाणी पडलं की फुगतो आणि त्याच्या खळग्यात रंग साठतो.

रंगांआधी अजून एक स्वस्तातला सराव सांगतो. इन्स्टंट कॉफी चार वाट्यांत कमीजास्त पाण्यात विरघळवा, एकदम फिकी ते एकदम दाट, आणि फक्त त्या कॉफीने एक चित्र करा, खिडकीतून दिसणारा अजिंक्यतारा करा हवं तर. फिक्यापासून सुरू करायचं, गडद सगळ्यात शेवटी. एकच रंग असल्यामुळे चिखल व्हायचा प्रश्नच नाही आणि पाणी किती, थांबायचं कधी, कागद कुठे सोडायचा एवढ्याकडेच लक्ष राहतं.

कागद सोडणं म्हणजे काय हे बघायचं असेल तर सावळाराम हळदणकरांचं निरांजन घेतलेल्या बाईचं चित्र आठवा, 'ग्लो ऑफ होप'. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. हळदणकर आपले सावंतवाडीचे, चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं, समोर उभी होती त्यांची स्वतःची मुलगी. खूप लोक ते रविवर्म्याचं समजतात पण रविवर्मा १९०६ सालीच गेले होते. आणि ते तैलरंगात नाही, जलरंगात आहे! दिव्यावर आडोशाला धरलेली बोटं आतून लालसर उजळलेली आहेत. जलरंगात असा उजेड आणायचा म्हणजे ती जागा पहिल्यापासून शेवटपर्यंत सांभाळावी लागते, आजूबाजूला अंधार चढवत जायचा आणि तिथे हात लावायचा नाही.

तुम्ही साताऱ्याचे आहात तर औंधला जाऊन या, तिथलं भवानी संग्रहालय १९३८ चं आहे, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं, ते स्वतः चित्रकार होते. रविवर्म्याची मूळ चित्रं तिथे समोर उभं राहून बघता येतात. एकाच चित्रासमोर अर्धा तास बसा आणि त्याच्यातले फक्त उजळ आणि गडद भाग वहीत पेन्सिलने टिपा, तळहाताएवढ्या चौकोनात. बाकीचं संग्रहालय पुढच्या खेपेला.

हॉलच्या भिंतीवर वारली काढायचीय. व्हिडिओ बघून सोपं वाटतं. कसं करू?
– एक वाचक, नाशिक

आकार सोपे आहेत, गोल, त्रिकोण, चौकोन, पण सोपं म्हणून उरकू नका. वारली लोकांच्या पाड्यावर शेणमातीच्या भिंतीवर गेरूचा हात असतो आणि तांदळाच्या पिठाने, टोक ठेचलेल्या बांबूच्या काडीने चित्र काढतात. मूळ ते लग्नातलं काम, बायका चौक म्हणजे देवीची चौकोनी चौकट लिहितात आणि त्यात पालघट ही त्यांची लग्नातली देवी असते. तो चौक हॉलमध्ये सजावट म्हणून काढू नका असं माझं मत आहे, तो पूजेचा आहे. तारपा नाच (तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य, त्याच्याभोवती गोलात नाचतात) काढा, शेत, झाडं, तुमच्या गल्लीतली माणसं काढा.

भिंतीच्या आधी वहीला कव्हर घालायचा खाकी कागद घ्या आणि पांढऱ्या पोस्टर कलरने झिरो नंबरच्या ब्रशने सराव करा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस उभा राहतो, आता वरचा त्रिकोण थोडा तिरका करा, माणूस लगेच चालायला लागतो, अजून वाकवा, तो पेरणी करतो. अख्खी हालचाल त्या एका जोडावर आहे. तारप्याची माणसं गोलात काढताना प्रत्येकाचा तिरकेपणा थोडा थोडा बदलत जातो, तो बदलला नाही तर रांगेत उभी केलेली बाहुली दिसतात. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रं मिळतील तिथे बघा, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, त्यांच्या चित्रातलं माशाचं जाळं किंवा मुंग्यांची रांग बघितली की एवढ्या थोड्या आकारांत किती मावतं ते दिसेल. खाकी कागदावर ५० माणसं वेगवेगळी जमली की मग भिंत.

रोज किती वेळ द्यायचा? आणि टॅबवर शिकलं तर चालेल का?
– बऱ्याच जणांचा प्रश्न

रोज २० मिनिटं, रविवारी मिळाला तर एक तास. टॅब चालेल पण पहिले सहा महिने कागदच घ्या, कारण टॅबवर चुकलेली रेघ एका बटणाने जाते आणि ती कुठे चुकली ते बघायचं राहून जातं. स्टँडवर एसटीची वाट बघताना समोरचा माणूस पाच-सात रेघांत टिपा, तो उठून गेला तर उरलेला आठवून काढा, स्मरणचित्राचा सराव तोच. प्रत्येक पानावर तारीख टाका. बाहेर जाताना वही आणि २बी पेन्सिल पिशवीत ठेवा, खोडरबर घरी राहू द्या.